मालकिणीची गाडी

"तीन नंबर आराम करून राह्यला, मॅडम."

भाऊंच्या तोंडून मी ऐकलेलं पहिलं वाक्य हे. मी नाशिककडून नुकतीच ऊर्जानगरला आले होते. वीज केंद्राच्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती आणि नमुना घ्यायला बाटली घेऊन मी पंपहाऊसवर गेले होते. तीन नंबरच्या पंपाखाली तेल साचलं होतं, झाकण बाजूला काढून ठेवलं होतं आणि एक माणूस उपड्या बादलीवर बसून त्या पंपाकडे आजाऱ्याकडे पाहावं तसा पाहत होता. मे महिना होता. बाहेर डोळे उघडवत नव्हते, आणि या माणसाच्या डोक्यावर लोकरीची माकडटोपी.

"म्हणजे बंद पडलाय का?" मी विचारलं.

त्यांनी घाईनं हात हलवला, जसं लहान मुलासमोर कुणी काही वेडंवाकडं बोललं असावं. "तसं नाई म्हनू, बाई. आराम म्हना."

बाजूला उभा असलेला फिटर हसला. मला वाटलं, नवीन बाई पाहून माझी थट्टा चाललीय. थट्टा नव्हती. भाऊ असंच बोलायचे.

आपण सगळेच थोडंफार असं बोलतो. घरातलं मीठ संपलं म्हणत नाही, वाढलं म्हणतो. बांगडी फुटत नाही, वाढवते. भाऊंनी हा नियम सगळ्या जगाला लावला होता. फ्यूज उडायचा नाही, 'फिरायले जायचा'. पाइप फुटायचा नाही, 'मोकळा व्हायचा'. बॉयलरकडचे एक जुने मेस्त्री वारले तेव्हा भाऊंनी पंपहाऊसमध्ये येऊन सांगितलं, "मेस्त्रीची बदली झाली." एका नव्या पोरानं निष्पापपणे विचारलं, "कुठी?" भाऊंनी छताकडे पाहिलं.

मुंबईहून आलेल्या एका अभियंत्यानं हे मोडून काढायचं ठरवलं होतं. पाळीच्या नोंदीत भाऊ 'पंप ३ – आराम' असं लिहायचे. साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. "आराम म्हणजे काय? बिघाड? देखभाल? वीज गेली? नेमकं काय ते लिहीत जा."

"तुमी लिवा ना सायेब, तुमच्या हातानं," भाऊ शांतपणे म्हणाले. "माझ्या हातानं नाई होत."

साहेब चिडले, मेमो काढतो म्हणाले. पण कामात भाऊंसारखा माणूस सापडणं कठीण होतं, आणि साहेबांनाही ते ठाऊक होतं. त्या पावसाळ्यात मीच एकदा त्या साहेबांना नियंत्रण कक्षाशी फोनवर बोलताना ऐकलं, "हो हो, दोन नंबर सुरू आहे. तीन नंबर आराम करतोय." बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पण तोवर शब्द गेला होता.

हे असं का, ते भाऊंनी एकदाच सांगितलं, तेही मी विचारलं नसताना. त्यांचे वडील तलावात मासे धरायचे. तलावावर जगणाऱ्या घरात 'बुडाला' हा शब्द कुणी काढत नाही. भाऊंचा थोरला भाऊ पोहायला गेला आणि आला नाही. "माय म्हने, थो गावाले गेला. आमी बी तसंच म्हनो. कोनी इचारलं तं गावाले गेला. ते म्हनता म्हनता माय बी म्हातारी झाली." एवढं सांगून ते उठले आणि पंपाच्या बेअरिंगला वंगण देऊ लागले.

भाऊंजवळ कोणतीही वस्तू टिकत नसे. छत्री, डबा, घड्याळ, पावसाळी बूट, कुणी नुसतं 'चांगलं आहे' म्हटलं की भाऊ काढून द्यायचे. एकदा अनवाणी कामावर आले. गेटवरच्या सुरक्षारक्षकाला चपला आवडल्या होत्या. वसाहतीत त्यांना हक्काचं क्वार्टर मिळत होतं, तेही घेतलं नाही. केंद्राच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या त्यांच्या गावातच ते राहायचे. झाडांच्या पानांवर आमच्या केंद्राची राख बसलेली असायची आणि त्याच झाडांखालून पहाटे वाघ जायचा, असं ते गाव. पण 'वाघ' हा शब्दही भाऊ काढत नसत. 'तो' म्हणत. "काल तो बोडीवर पानी प्याले आलता."

या सगळ्याचा जिला सर्वांत जास्त वैताग होता ती त्यांची बायको. भाऊ तिला 'मालकीन' म्हणत. ठेंगणी, सावळी, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदलेली, आणि बोलायला तिखट. पहिल्यांदा मी घरी गेले तेव्हा अंगणात चारं, म्हणजे चारोळीची फळं, वाळत घातली होती. तिनं मूठभर माझ्या ओंजळीत टाकली आणि विचारलं, "ह्यायचं बोलनं समजते का तुमाले?"

"हळूहळू कळायला लागलंय."

"मले पुरा जनम गेला. बकरी मेली तं म्हनते, बकरी मामाच्या घरी गेली. आता मामाच्या घरून बकरी परत येते का? मेली तं मेली म्हना ना!"

भाऊ ओसरीवर बसून हसत होते. बायकोनं चारचौघांत आपली खेचावी यात त्यांना फार सुख वाटायचं. ते काही बोलायचे नाहीत, कारण त्यांच्या वाटचंही तीच बोलायची.

ती गाडी तिनंच घेतलेली. मोहफुलं, चारं, डिंक, पावसाळ्यात रानभाज्या, हे सगळं ती वर्षानुवर्षं विकत आली होती, आणि त्यातून तिनं चंद्रपूरच्या दुकानातून एक बॅटरीवरची दुचाकी घेतली. सायकलपेक्षा थोडी मोठी, कमी वेगाची, पिस्ता रंगाची. या गाड्यांना नंबरप्लेट नसते, लायसन लागत नाही, आरटीओत नोंद होत नाही. दुकानदाराचं बिल हाच काय तो कागद. आणि बिल तिनं स्वतःच्या नावानं करून घेतलं.

"ह्याइच्या नावानं घेतली असती," ती मला म्हणाली, "तं पयल्याच हप्त्यात कोनालेतरी देऊन आले असते. आता म्हना कोनाले, घेऊन जा. गाडी माझी हाये!"

भाऊंना ते फार पटलं होतं. पंपहाऊससमोर ती गाडी कुणी वाखाणली की ते टोपी सारखी करत म्हणायचे, "देल्ली असती भाऊ तुले. पन मालकिनीची हाये." आणि पुन्हा वर, "आपनच वीज बनवून राह्यलो, अन् पेट्रोल कायले जाळाचं?" हे वाक्य त्यांनी किती जणांना ऐकवलं असेल, देव जाणे.

तो दिवस मी पंपहाऊसमध्येच होते. मोहाचा हंगाम. बायका पहाटेच टोपल्या घेऊन जंगलात जात, कारण फुलं रात्री पडतात आणि ऊन चढलं की सुकतात. भाऊ सकाळच्या पाळीवर होते. गावातला एक माणूस धावत आला, गेटवरच्यांनी त्याला आत सोडलं, यावरूनच मी समजले की काहीतरी भयंकर आहे. तो म्हणाला, बायकांच्या घोळक्यावर वाघ आला. बाकीच्या पळाल्या, मालकीण मागं राहिली. वनखात्याचे लोक आत गेलेत, गावकरी गेलेत. "चाला भाऊ."

भाऊ उपड्या बादलीवर बसले होते. ते उठले नाहीत. "पाळी हाये माझी," ते म्हणाले.

आम्ही सगळे त्यांच्याभोवती जमलो. पाळीवर दुसरा माणूस आहे, तुम्ही जा, असं दहा जणांनी सांगितलं. फिटरनं त्यांच्या दंडाला धरून उठवायचा प्रयत्न केला. ते हलले नाहीत. पंपांच्या आवाजात बसून राहिले आणि पाळी संपेपर्यंत एकेका पंपाचा दाब वाचत राहिले. ती सापडली, असा निरोप आला तेव्हाही त्यांनी पुढच्या पंपाचा आकडा लिहिला. दवाखान्यात ओळख पटवायला घरचं माणूस हवं होतं. पोंभुर्ण्याला दिलेली त्यांची एकुलती एक मुलगी तोवर येऊन पोचली होती. ती एकटी गेली.

स्मशानात भाऊ आले. पण सगळ्यांकडे पाठ करून, नदीकडे तोंड करून उभे राहिले. अग्नी पुतण्यानं दिला.

रजा न घेता ते कामावर आले. जेवायच्या वेळी डबा उघडला आणि म्हणाले, "आज मालकिनीनं अंबाडी देल्ली." भाजी करपलेली होती. आम्हाला वाटलं, चार-आठ दिवसांनी ओसरेल.

ओसरलं नाही. मालकीण म्हणते, घराची कौलं शाकारा. मालकिणीला बरं वाटत नाही, आज लवकर जातो. वनखात्याचे अधिकारी भरपाईचे कागद घेऊन घरी गेले, तर भाऊंनी त्यांना चहा दिला आणि "मालकीन घरी आली का इचारून सांगतो" म्हणून वाटेला लावलं. मृत्यूचा दाखला घ्यायला ग्रामपंचायतीनं बोलावलं, ते गेलेच नाहीत. वेडे म्हणावं, तर कामात कधी चूक नाही. तब्येत ठणठणीत, हिशोब चोख, चेष्टामस्करीही पूर्वीसारखी. बाहेरच्या माणसाला वाटावं, या गृहस्थाची बायको घरी स्वयंपाक करतेय.

आम्ही ते चालू दिलं. मेस्त्रीची बदली झाली होती, बकरी मामाकडे गेली होती, तशीच ही. इतकी वर्षं त्यांच्या शब्दांना हसलो होतो, आता न हसता त्याच शब्दांत बोलत होतो. "वहिनी कशा आहेत?" असं मी स्वतः विचारलेलं आहे. "मस्त हाये," ते म्हणायचे आणि त्यांचा चेहरा उजळायचा.

पण मुलीला हे कसं चालावं? आई गेल्याच्या वर्षीच तिला मुलगा झाला. बारशाला भाऊ पोंभुर्ण्याला गेले. पाळण्याजवळ बायका जमल्या होत्या, कुणीतरी आजीची आठवण काढून डोळ्याला पदर लावला, तर भाऊ सगळ्यांदेखत म्हणाले, "आजी येऊन राह्यली ना मागून. बस चुकली तिची." मुलगी तिथून उठून आत गेली. भाऊ निघाले तेव्हा ती बाहेर आली नाही, आणि त्यानंतर तिनं बापाशी बोलणं सोडलं.

गाडी मात्र रोज दारात उभी असे. भाऊ तिला कुलूप लावत नसत. "कुलूप लावलं का चोराले वाटते, इथी काईतरी हाये." किल्लीसुद्धा तिलाच लटकलेली. एका रविवारी आठवडी बाजारातून भाजी घेऊन ते बाहेर आले तर गाडी नव्हती.

पोलिसांत तक्रार झाली. भाऊ रोज पाळी संपली की शहरात जायचे. दवाखान्यांसमोर, बँकांसमोर, शिकवणीच्या वर्गांसमोर, जिथे गाड्यांच्या रांगा लागतात तिथे तिथे हिंडायचे. पिस्ता रंगाच्या प्रत्येक गाडीजवळ वाकून पाहायचे. दोनदा लोकांनी त्यांनाच चोर समजून धरलं. त्या दिवसांत मात्र त्यांच्या तोंडून मालकिणीचं नाव कमी झालं. डबा उघडून नुसते बसायचे. एकदा मला म्हणाले, "मालकीन रागावून हाये." मग डबा बंद करत, "बोलूनच नाई राह्यली."

गाडी सापडली ती आमच्या फिटरमुळे. मोबाइलवर जुन्या गाड्या विकायच्या जाहिराती येतात, त्यात त्यानं ती पाहिली आणि फोटो भाऊंसमोर धरला. रंग बदलून काळा केला होता. भाऊंनी फोटो बोटांनी मोठा केला. डाव्या हँडलच्या टोकाला रबर नव्हतं, त्याजागी लाल कापडाची गुंडाळी शिवलेली होती. रबर माकडानं तोडलं होतं आणि मालकिणीनं आपल्या जुन्या पोलक्याचं कापड तिथं शिवलं होतं. विकणाऱ्यानं सगळी गाडी रंगवली, ते कापड काढायचं त्याला सुचलं नाही.

दुकान शहरातच होतं, जुन्या गाड्यांचं. मी, फिटर आणि भाऊ गेलो. आमचं ठरलं होतं की आधी गिऱ्हाईक म्हणून विचारायचं, मग पोलिसांना बोलवायचं. भाऊंनी दुकानात पाऊल टाकलं, सरळ त्या गाडीजवळ गेले आणि तिच्यावर बसले. दोन्ही पाय वर घेऊन, दोन्ही हातांनी हँडल धरून.

"काय झालं भाऊ, चालवून पाह्यता का?" दुकानदार हसत म्हणाला.

"नाई. घरी नेतो. माझ्या मालकिनीची हाये."

दुकानदाराचं हसू गेलं. तो म्हणाला, मी पैसे देऊन घेतलीय, विकणाऱ्यानं लिहून दिलंय, तुम्ही कोण? मग आवाज चढले. लोक जमले. कुणीतरी भाऊंना खेचलं, ते गाडीसकट कलंडले, पण हँडल सोडलं नाही. गुडघा फुटला. पुन्हा गाडी उभी केली आणि पुन्हा बसले. "उतरा ना काका," एक जण समजावून म्हणाला. "उतरलो का जाते ती," भाऊ म्हणाले. पोलीस येईपर्यंत ते तसेच बसून होते, माकडटोपीतून घाम गळत होता, आणि त्यांचा चेहरा मला इतका भीतिदायक कधी वाटला नव्हता. तिथं मी पहिल्यांदा पाहिलं, या माणसाला सगळं कळत होतं.

ठाण्यात जबाब लिहून घेणारा हवालदार चांगला होता. त्यानं विचारलं, "गाडीचा मालक कोण?"

"मालक नाई. मालकीन हाये."

"बायको का? बिल तिच्या नावानं?"

"हाव."

"कुठी हाये ती?"

मी भाऊंकडे पाहिलं. "घरी हाये," ते म्हणाले.

हवालदारानं तसं लिहिलं. गाडी जप्त झाली आणि ठाण्याच्या आवारात, इतर मोडक्या गाड्यांच्या रांगेत उभी राहिली. ती परत हवी तर कोर्टात अर्ज करावा लागणार होता. दुकानदारानंही अर्ज केला, तोही आपल्या परीनं फसलेलाच होता. आमच्या वकिलांनी सांगितलं, बिल आणा, बिलावरचा आणि गाडीवरचा चासी नंबर जुळला की काम झालं. आणि बाईंना घेऊन या.

बिल भाऊंकडे नव्हतं. मालकीण आपले सगळे कागद एका पत्र्याच्या डब्यात ठेवायची, आणि तो डबा ती गेल्यावर मुलीनं नेला होता. भाऊंनी मला फोन करायला सांगितलं. मुलीनं सगळं ऐकून घेतलं.

"बिल हाये माझ्यापाशी. दाखला बी हाये, मीच काढून आनला." मग ती म्हणाली, "मी येईन तारखेले. पन त्याइच्यासाठी नाई. आईची गाडी हाये म्हनून."

तारखेच्या सकाळी ती मुलाला काखेत घेऊन आली. आईसारखीच ठेंगणी, सावळी. भाऊ वकिलांबरोबर आत होते. आम्ही दोघी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. मी काही विचारलं नव्हतं. पोराला थोपटता थोपटता तीच बोलू लागली.

"दवाखान्यात मी एकटीच होती, मॅडम. नवरा बाहेरगावी होता. थे म्हनत, फक्त हात पाहा. चादर बाजूनं उचलली अन् हात दाखवला. गोंदन पाह्यलं, हाव म्हनलं, आई हाये. मले तोंड पाहाचं होतं. मी मागंच लागली. तं नर्सबाईनं मले धरलं, म्हने, नोको पाहू बाई, तथी काई नाई आता." तिनं पोराचं टोपडं सारखं केलं. "बाबा पंप पाहून राह्यले होते तवा."

आत पुकारा झाला.

न्यायाधीश एक मध्यमवयीन बाई होत्या. आमच्या वकिलांनी बिल दिलं, चासी नंबर दाखवला, मृत्यूचा दाखला पुढे केला. मी उठून सांगितलं की ही गाडी भाऊंच्या घरी मी अनेकदा पाहिली आहे. सगळं सरळ चाललं होतं. मग दुकानदाराचा वकील उठला. त्याच्या हातात भाऊंचा जबाब होता.

"अर्जदार पोलिसांसमोर सांगतो की मालकीण घरी आहे. इथे म्हणतो मयत आहे. दोन्हीपैकी एक खोटं आहे. घरी असेल तर बाईंनी स्वतः येऊन गाडी मागावी. आणि मयत असेल तर हा माणूस पोलिसांशी खोटं बोलला, याच्या कोणत्याही शब्दावर विश्वास कसा ठेवायचा?"

न्यायाधीश बाईंनी कागद पाहिले, मग भाऊंना पुढे बोलावलं. "काका, तुमच्या पत्नी हयात आहेत का?"

भाऊ उभे राहिले. टोपी वकिलांनी आधीच काढायला लावली होती. पांढरे विरळ केस घामानं चिकटले होते.

"आराम करून राह्यली, सायेब," ते म्हणाले.

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. दुकानदाराच्या वकिलानं हात पसरले, "बघा मॅडम."

"असं लिहिता येत नाही, काका," न्यायाधीश बाई म्हणाल्या. आवाजात कडकपणा नव्हता. "आहेत की नाहीत, एवढंच सांगा."

भाऊंनी मागं वळून पाहिलं. मुलगी पोराला घेऊन दाराजवळ उभी होती. तिनं मान खाली घातली. काहीही सांगायला, सुचवायला, वाचवायला ती पुढे आली नाही.

"मेली," भाऊ म्हणाले.

टंकलेखकाचे हात थांबले, कारण आवाज नीट आला नव्हता. "जरा मोठ्यानं, काका."

"मेली जी. वाघानं मारली. मोह वेचाले गेली होती, तथीच मारली. मेली ती." इतकं मोठ्यानं त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. पंपांच्या आवाजातसुद्धा नाही. मग ते होते तिथेच फरशीवर बसले. शिपायानं पाणी आणलं. टंकलेखक पुन्हा टाइप करू लागला.

गाडी मिळाली, हे इथंच सांगून टाकते. बॅटरी पार गेलेली होती, ती नवी घ्यावी लागली. आज ती पोंभुर्ण्याला आहे, मुलगी तिच्यावरून अंगणवाडीत जाते. भाऊ निवृत्त झाले. शेवटचे महिने ते फार कमी बोलायचे. पाळीच्या नोंदीत 'पंप ३ – बंद' असं लिहायचे. ते वाचून मुंबईचे साहेब एकदा माझ्याजवळ म्हणाले, "मला हे बघवत नाही." डबा बंद झाला, कॅन्टीनमध्ये जेवायचे. लोक म्हणाले, म्हातारा सुधारला. त्यांना एकटं जेवताना पाहिलं की मला तसं म्हणवत नसे.

पण त्या दिवशी निकाल दुपारनंतर मिळणार होता. आम्ही कोर्टाच्या पायऱ्यांवर, कडुनिंबाच्या सावलीत बसलो. दुकानदार जवळून गेला, थांबला, आणि मुलीला म्हणाला, "मले माहीत नव्हतं बाई." ती "असू द्या" म्हणाली. भाऊ एका टोकाला, मुलगी दुसऱ्या टोकाला, मधे पोरगं झोपलेलं.

मग भाऊ समोर पाहतच म्हणाले, "तोंड होतं का वो तिचं?"

मुलीनं पटकन माझ्याकडे पाहिलं. मी नजर पायरीवर ठेवली.

"होतं बाबा," ती म्हणाली.

"डोये?"

"मिटले होते. झोपल्यावानी दिसे."

भाऊंनी मान हलवली. पुष्कळ वेळ हलवत राहिले. "मले वाटे, तोंडच नसन," ते म्हणाले. "म्हनून मी..." त्यांनी हाताच्या पंज्यानं तोंड झाकलं, आणि मग पंज्याआडून म्हणाले, "एकटी गेली होती ना वो तू. मी याले पाह्यजे होतो."

मुलीचे डोळे कोरडे होते. आत्ताच तिनं बापासाठी एवढं मोठं खोटं सांगितलं होतं, मला वाटलं, याही वेळी ती 'जाऊ द्या बाबा' म्हणेल.

"हाव," ती म्हणाली. "याले पाह्यजे होते तुमी."

आतून आमच्या नावाचा पुकारा झाला. दोघंही उठली नाहीत.